बाच्या फोनला याडीची बोली येत नाही

बाला ऐकू येईनासं झालं ते इतकं हळूहळू, की घरात कोणाच्या ध्यानातच आलं नाही. याडीला वाटायचं हा मुद्दाम करतो. शाळेतून रिटायर झालेला माणूस, दिवसभर बाजेवर पेपर वाचत बसलेला, बायकोनं हाक मारली की पान उलटून टाकतो. तिनं त्यावरून त्याला किती बोल लावले असतील त्याचा हिशेब नाही. मग एकदा दारावरून ट्रॅक्टर गेला, अंगणातलं कुत्रं दचकून पळालं, आणि बानं मानसुद्धा वर केली नाही. तेव्हा तिला उमगलं. त्याच दिवशी तिनं मला फोन केला आणि पहिल्यांदा नवऱ्याची बाजू घेतली. म्हणाली, तो खोटं नव्हता करत गं.

आमच्याकडे आईला याडी म्हणतात आणि बापाला बा. दारव्ह्याच्या पलीकडे आमचा तांडा आहे, बंजाऱ्यांचा. आम्ही आपसात स्वतःला गोर म्हणतो, बाकी सगळे ते कोर. घरात गोर बोली आणि कोरांशी मराठी, असा सरळ कारभार. लहानपणापासून जीभ आपोआप वळते. समोरचा माणूस बघायचा आणि बोलायचं. मी लग्न करून यवतमाळला आले, पंचायत समितीत कारकून म्हणून चिकटले, दिवसभर टेबलावर मराठी फाडफाड बोलते. पण रविवारी तांड्यावर उतरले की पहिलं वाक्य आमच्या बोलीतच निघतं. इथं लिहिताना मात्र घरातलं बोलणं मी मराठीतच सांगणार आहे, नाहीतर तुम्हाला कळायचं नाही.

कानाच्या डॉक्टरकडे मीच घेऊन गेले. नस कमजोर झाली, म्हणाले. मशीन दिलं. ते मशीन बाच्या कानात शिट्या मारायचं. चार लोकांत बसला की सगळ्यांचा आवाज एकाच भांड्यात ढवळल्यासारखा ऐकू येतो, असं तो म्हणायचा. शेवटी ते डबीत गेलं आणि डबी देवाच्या फळीवर. मी चिडले. पण ज्याच्या कानात शिट्टी वाजते त्यालाच ठाऊक.

मला खरी काळजी होती ती याडीची. ज्यांनी आमचं घर पाहिलं नाही त्यांना सांगते, आमच्या घरात बोलणं कधी थांबलेलंच नव्हतं. ती चुलीपाशी, तो बाहेर बाजेवर, मध्ये भिंत, आणि भिंतीच्या दोन्ही अंगांनी सुरू. शेजारच्या बकरीपासून सरपंचापर्यंत कोणी सुटायचं नाही. भांडण कुठं संपलं आणि गप्पा कुठं सुरू झाल्या ते आम्हा पोरांना कधी कळलं नाही. ती एक टोमणा मारायची, तो दोन परत करायचा, आणि मग दोघंही हसायचे. असा संसार होता त्यांचा. पैसाअडका बेताचा, पण बोलायला कमी नाही.

कान गेल्यावर याडी आधी ओरडून बोलू लागली. तिचं ओरडणं अर्ध्या तांड्याला ऐकू जायचं, बाला नाही. पोरं हसायला लागली. मग ती खुणांवर आली. ताट दाखवलं म्हणजे जेव. तांब्या दाखवला म्हणजे पाणी. तळहातावर बोट ठेवलं म्हणजे बीपीची गोळी. हळूहळू संसार तेवढ्यावरच आला. मी रविवारी जायची तर घरात भांड्यांचा तेवढा आवाज. बा अजून बोलायचा, त्याचं तोंड कुठं गेलं होतं? पण उत्तर ऐकू येत नाही म्हटल्यावर माणूस किती वेळ बोलेल.

तेव्हा ऑफिसातल्या एका बाईनं मला त्या अॅपची गोष्ट सांगितली. समोरचा माणूस बोलतो आणि फोनवर त्याचं बोलणं अक्षरांत उमटतं. बहिऱ्या माणसानं फक्त वाचायचं. मराठीतही होतं म्हणे. मी त्याच आठवड्यात बासाठी मोठ्या स्क्रीनचा फोन घेतला, अक्षरं जितकी मोठी होतील तितकी केली, आणि तांड्यावर गेले. त्याच्यासमोर फोन धरला आणि मराठीत म्हटलं, "बा, मी बोलून राह्यली ते दिसते काय?"

काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांत ते जसंच्या तसं उमटलं. बा बघतच राहिला. मग त्यानं फोन माझ्या हातातून घेतला, डोळ्यांजवळ नेला, परत लांब धरला. आयुष्यभर पोरांच्या पाट्या तपासलेला माणूस तो, वाचल्याशिवाय त्याला कशावर विश्वास बसत नाही. म्हणाला, अजून बोल. मी बोलत गेले. ऑफिसातलं, माझ्या सासूचं, तुरीच्या भावाचं, जे सुचेल ते. तो वाचत गेला आणि हसत गेला. मला रडू यायला लागलं होतं, पण मी बोलणं थांबवलं नाही.

त्या फोननं बाला बाहेरचं जग परत दिलं, हे मी कबूल करते. दारव्ह्याच्या औषधाच्या दुकानात तो फोन काउंटरवर ठेवायचा आणि दुकानदार त्यात बोलायचा. बँकेत तसंच. बसस्टँडजवळच्या हॉटेलात जुने मास्तर लोक जमतात, त्यांच्यात तो पुन्हा बसायला लागला. सगळे कोर, सगळे मराठी, त्यामुळे सगळं स्वच्छ उमटायचं. सकाळी नवाची जीप धरून जायचा आणि दुपार कलल्यावर यायचा. तब्येत सुधारली. डॉक्टरपण म्हणाले, मास्तर एकदम फ्रेश दिसून राह्यले.

आणि घरात? घरात कप्पाळ!

याडीनं पहिल्या दिवशी मोठ्या हौसेनं फोनपाशी तोंड नेलं. भाकर थंड होते आहे, उठ, एवढंच ती म्हणाली, आमच्या बोलीत. फोन जरा थांबला आणि त्यानं मराठीत असं काहीतरी ठोकून दिलं की ज्याला ना बूड ना शेंडा. ती परत म्हणाली. दुसरंच काहीतरी आलं. तिला वाटलं आपण नीट बोलत नाही. म्हणून तिनं पदर सावरला, घसा खाकरला, आणि हळूहळू, एकेक शब्द सोडून म्हणाली, जशी परक्या लेकराला समजावते. तरी तेच. बा वाचायचा आणि खांदे उडवायचा. शेवटी याडी म्हणाली, याला आपलं येत नाही. आणि ती भाकर झाकून निघून गेली.

मी सहजासहजी हार मानणारी नाही. सेटिंगमध्ये जाऊन भाषांची यादी काढली. बोट दुखेस्तोवर ती यादी खाली सरकत गेली. कुठल्याकुठल्या बेटांच्या भाषा होत्या तिच्यात, ती बेटं नकाशात कुठं आहेत ते मला आजही सांगता यायचं नाही. त्यांना मिळालं त्याबद्दल माझी तक्रार नाही, त्यांच्याही आया असतील. पण आमची नव्हती. गोंडी नव्हती. झरीकडचे कोलाम बोलतात ती कोलामी नव्हती. एका जिल्ह्यातल्या आमच्या सगळ्या बोली बाहेर. मी हिंदी लावून पाहिलं, त्यानं वेगळा गोंधळ घातला. गुजराती लावून पाहिलं, त्यात एखादा शब्द बरोबर पडायचा, पण ती अक्षरं बाला वाचता येत नव्हती. मग मी कंपनीला लिहिलं. चांगलं मोठं लिहिलं, आमच्या घरातली सगळी परिस्थिती सांगितली. पाठवलं तसं लगेच उत्तर, तुमची सूचना आमच्यासाठी मोलाची आहे. मी वाट पाहिली. नंतर एकदा फोननंच विचारलं, आमच्या सेवेबद्दल तुमचं समाधान झालं का, तारे द्या. अस्सा संताप आला की काय सांगू. कोणाला शिवी द्यावी तर समोर माणूसच नाही.

मी स्वतः बाला आमच्या बोलीतच मेसेज टाईप करते. मराठीच्याच अक्षरांत ती लिहिता येते, काही अडत नाही. फोन प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ ओढतो, ओढू दे. बा वाचतो आणि त्याला कळतं. पण याडीला अक्षर येत नाही. सहीच्या जागी ती आजही अंगठा लावते.

तेव्हा राहिला एकच उपाय, आणि तो मला अगदी सोपा वाटत होता. याडीला मराठी येते. नुसती येत नाही, चांगली टणक येते. दारव्ह्याच्या बाजारात वांगेवाल्याला ती अशी गुंडाळते की बिचारा कोथिंबीर फुकट देऊन सुटका करून घेतो. मग घरातही मराठीत बोल ना! फोन सुरू कर आणि बोल, बा वाचेल, झालं. मी तिला हे दहादा सांगितलं. आधी गोडीनं, मग वैतागून. ती नुसती ऐकून घ्यायची आणि कापसाच्या बोंडातून सरकी काढावी तशी नखानं काहीतरी कोरत बसायची.

एका रविवारी मी फारच लावून धरलं. म्हटलं, तुझा हट्ट आहे नुसता, तो माणूस घरात आला की मुक्यानं राहतो. तेव्हा ती बोलली. म्हणाली, मराठी मी दुकानदाराशी बोलते, तलाठ्याशी बोलते, दवाखान्यात नर्सशी बोलते. लग्न होऊन आले तेव्हापासून या माणसाशी मी एक शब्द मराठीत बोललेली नाही. आता बोलले तर मला वाटेल घरात कोणी साहेब येऊन बसला आहे आणि मी त्याला चहा देते आहे. आणि मग म्हणाली, सगळ्या जगाचं ऐकतो आता हा. माझंच तेवढं ऐकत नाही.

हे तिनं रडून सांगितलं असतं तर मला इतकं लागलं नसतं. भाजी निवडता निवडता सांगितलं. बस्स, त्यानंतर मी तिला मराठीत बोल म्हणून कधी म्हटलं नाही.

आता बाचं एक सांगायला पाहिजे. तो आमच्याच तांड्याच्या शाळेत मास्तर होता, मीसुद्धा त्याच्याच हाताखाली शिकले. शाळेत आमची बोली बंद होती. सरकारचा नियम नव्हता, बाचा होता. पायरीवर उभा राहून सांगायचा, चपला काढता तशी बोलीही बाहेर काढून या. कोणाच्या तोंडून चुकून एखादा शब्द निघाला की अंगठे धरायला लावायचा, मग ती त्याची स्वतःची लेक का असेना. मी पुष्कळदा धरले. त्याला आमची बोली आवडत नव्हती असं नाही. घरी तो तिच्यातच हसायचा, तिच्यातच भांडायचा. पण तो स्वतः दारव्ह्याच्या शाळेत गेला तेव्हा त्याच्या उच्चारावर पोरं हसली होती, मास्तरसुद्धा हसला होता. आपल्या पोरांवर कोणी हसू नये, एवढंच त्याच्या डोक्यात. आणि त्याचा फायदा झाला, खोटं कशाला बोलू. त्याच्या शाळेतली पोरं पोलीस झाली, मास्तर झाली, मी टेबलावर बसले. तांड्यातल्या कित्येक बायकांनाही त्यानं संध्याकाळच्या वर्गात सही करायला शिकवलं. कंदील घेऊन घरोघर जायचा, त्यांना बोलवायला.

याडी त्या वर्गाला कधी नव्हती. लहान होते तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पंधरा ऑगस्टला झेंड्याच्या वेळी दुसऱ्या मास्तरांच्या बायका खुर्च्यांवर बसायच्या, गोल पातळ नेसून. याडी तेव्हा अजून फेटिया-कांचळी घालायची, आरशांचा घागरा, चोळी आणि हातभर पांढऱ्या बांगड्या. ती घरी राहायची. मला वाटायचं तिला काम असेल.

कापूस वेचणीच्या दिवसांतला तो रविवार. मी सकाळच्याच गाडीनं पोचले होते. याडी वावरातून आली, हातपाय धुतले, भाकरी टाकल्या. गल्लीत समोरच्या ओसरीवर बायका कापूस निवडत बसल्या होत्या. बा कुठं तरी जाऊन आला आणि पिशवीतून त्यानं एक पाटी काढली, लाकडी काठाची, कोरी, आणि पेन्सिलींची डबी. चेहरा नुसता फुललेला. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही, तो नेहमीसारखा मोठमोठ्यानं, आमच्या बोलीत याडीला सांगायला लागला. त्यानं बसल्या बसल्या सगळं जुळवून ठेवलं होतं. फोनला आपली बोली येत नाही, न येऊ दे. मी तुला अक्षरं शिकवतो. मराठी शिकायची नाही, आपलीच बोली लिहायची, जशी पोरगी लिहिते तशी. तू लिही, मी वाचतो. रोज थोडं थोडं. पहिला शब्द याडी.

मला इतका आनंद झाला की मी टाळीच वाजवणार होते. ज्या माणसानं ती बोली शाळेच्या बाहेर ठेवली, तोच ती पाटीवर घ्यायला निघाला होता. मला वाटलं, संपलं यांचं दुखणं. मी याडीकडं पाहिलं.

ती पाटीकडं बघत होती. तिनं पिठाचे हात कमरेला खोचलेल्या फडक्याला पुसले. बासमोर फोन पडला होता, तो उचलला आणि मला विचारलं, कोणतं बटन दाबायचं. मी दाबून दिलं. तिनं फोन दोन्ही हातांत धरला आणि जन्मात पहिल्यांदा आपल्या नवऱ्याशी मराठीत बोलली, बाजारात बोलते तशी, सरळ आणि स्पष्ट.

"गुरुजी, साऱ्या तांड्याले शिकवलं तुमी. बायायले शिकवाले कंदील घेऊन जात होते. मी तं घरातच होती. मले काहून नाई शिकवलं?"

फोननं अक्षर न् अक्षर बरोबर लिहिलं. तिनं तो त्याच्यापुढं ठेवला.

बानं वाचलं. एकदा वाचून झालं तरी तो वाचतच राहिला. मला वाटलं मध्ये पडावं, काहीतरी बोलावं, तो काळच तसा होता, रात्री दमून यायचास, असं काहीबाही सुचवावं त्याला. पण याडीनं मला नजरेनंच बसवलं. चुलीवरची भाकर करपायला लागली, ती कोणी उचलली नाही. बाच्या हातात पेन्सिलींची डबी तशीच होती. मग त्यानं मान वर केली आणि तिच्याकडं बघून, आमच्या बोलीत, म्हणाला, "मला तुझी लाज वाटायची."

त्याला वाटलं असेल आपण हळू बोललो. समोरच्या ओसरीवरच्या बायकांचे हात थांबले. गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं असेल ते.  मला त्या क्षणी तो माझा बाप वाटला नाही, खरं सांगते. ती पाटी उचलून अंगणात भिरकावून द्यावी असं वाटलं. मधल्या फोनवर याडीचा प्रश्न स्वच्छ लिहिलेला होता. त्याखाली फोननं त्याच्या उत्तराचं नेहमीसारखं भलतंच काहीतरी केलं होतं.

 याडीनं समोरच्या बायकांकडं पाहिलं नाही, माझ्याकडं पाहिलं नाही. करपलेली भाकर तव्यावरून काढून बाजूला टाकली. मग तव्याकडं बघतच, अगदी हळू, आपल्या बोलीत म्हणाली, "मला माहीत होतं."

बाला तिचे ओठ हललेले दिसले. त्याचे डोळे भरून आले होते. तो माझ्याकडं वळला आणि विचारलं, काय म्हणाली ती? मी फोन हातात घेतला. लिहिणारच होते, आहे तसं, एकही शब्द न बदलता. त्याला कळलंच पाहिजे होतं असं मला वाटत होतं. याडीनं माझं मनगट धरलं. म्हणाली, जेव म्हणते म्हणून सांग.

मी तिच्याकडं बघत राहिले. तिनं माझं मनगट सोडलं नाही.

मग मी टाईप केलं, याडी म्हणते जेवून घे. बानं ते वाचलं. तिच्याकडं पाहिलं, परत ते वाचलं. आणि पाटी भिंतीला टेकवून ठेवून त्यानं ताट पुढं ओढलं.